ओळखीची खूण

सरकारी नोकरीत मनुष्य शिरतो तेव्हा सरकार त्याला मोजके प्रश्न विचारते आणि त्यांची उत्तरे एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत कायमची उतरवून घेते. त्या वहीला सेवापुस्तक असे भारदस्त नाव आहे. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, उंची आणि अंगावरील ओळखीची खूण. यांपैकी नाव आपण निवडलेले नसते. जन्मतारीख पुष्कळदा गावच्या मास्तरांनी शाळाप्रवेशाच्या सोयीने ठरवलेली असते. १ जून या दिवशी महाराष्ट्रात इतकी माणसे कागदोपत्री जन्माला आली आहेत की, त्या दिवशी विधात्यालाही जादा कारकून नेमावे लागत असतील. उंची तरुणपणी असते तेवढी म्हातारपणी राहत नाही. ओळखीची खूण तेवढी खरीखुरी आपली; ती आपण स्वतःच्या रक्ताने कमावलेली असते.

आम्ही १९७५ साली जबलपूरला रुजू झालो तेव्हा आमचे वय तेवीस वर्षांचे होते. तेथील वयोवृद्ध मुख्य लिपिकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहून विचारले, “कोई निशान?” आम्ही डाव्या भुवईवर बोट ठेवले. तेथे भुवईचे केस दोन भागांत विभागले गेले होते आणि मधून एक पांढरी रेघ गेली होती. त्यांनी टाक दौतीत बुडवला आणि डाव्या भुवईवर वण असल्याची नोंद सुवाच्य इंग्रजीत केली. त्या क्षणी आम्हांला मनातल्या मनात हसू आले. ही रेघ म्हणजे आमच्या दादाची करामत. वाईच्या गणपती आळीतल्या एका पोराने विटीदांडू खेळताना केलेला पराक्रम आता भारत सरकारच्या दप्तरी दाखल झाला होता!

त्यानंतर सदतीस वर्षे गेली. कानपूर, शिलाँग, मद्रास, लखनौ असा दूर देशीचा संसार करीत आम्ही अखेर जबलपुरालाच निवृत्त झालो. २०१२ साली निवृत्तिवेतनाचे कागद भरताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला, आणि या खेपेस सरकारला एक सोडून दोन खुणा हव्या होत्या. टेबलापलीकडे बसलेली तरुण लिपिक मुलगी सेवापुस्तकातील जुनी नोंद आणि आमचा चेहरा ताडून पाहू लागली. “सर, निशान तो दिखता नहीं,” ती संकोचून म्हणाली. आम्ही चष्मा काढला. तिने मान थोडी तिरपी केली. “हाँ, अब थोड़ा-सा दिखता है.” भुवया पिकल्या होत्या, पांढऱ्या केसांत पांढरी रेघ मिसळून गेली होती. जिच्या भरवशावर सरकारने आम्हांला सदतीस वर्षे ओळखले ती खूणच आता ओळखू येईना. दुसरी खूण शोधून आणतो असे सांगून आम्ही घरी आलो.

मनुष्य स्वतःचे अंग किती थोडे पाहतो, याचा प्रत्यय त्या संध्याकाळी आला. सौ.ना शेजारी घेऊन आम्ही आरशासमोर उभे राहिलो आणि आमच्या देहाची रीतसर तपासणी सुरू झाली. डाव्या तर्जनीवर विळीची बारीक रेघ निघाली. आई पूजेला बसली असताना कैरी चिरण्याचा उद्योग आम्ही परस्पर आरंभला होता, त्याची ती शिक्षा. गुडघ्यांवर तर इतके वण की, त्यांतून एक निवडणे कठीण. पण गुडघा दाखवून निवृत्तिवेतन घेणे आम्हांला प्रशस्त वाटेना. शेवटी दंडावर, खांद्याच्या थोडे खाली, देवी टोचल्याची गोल, खळगीदार खूण सापडली.

या खुणेपाशी आम्ही जरा थबकलो. आमच्या पिढीच्या प्रत्येकाच्या दंडावर ती आहे. म्हणजे ओळख पटवण्याच्या दृष्टीने ती निरुपयोगी. परंतु ज्या वर्षी आम्ही नोकरीत शिरलो त्याच वर्षी, १९७५ च्या मे महिन्यात, भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला. १९७७ मध्ये आपला देश आणि १९८० मध्ये सारे जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आमच्या लहानपणी वाईत घरटी एक तरी चेहरा देवीच्या वणांनी भरलेला असे. आमच्या आत्याबाईंचा होता. आमच्या मुलांनी तसा चेहरा पाहिलेला नाही. दंडावरची ती एक खळगी पत्करून आमच्या पिढीने साऱ्या चेहऱ्यावरच्या खळग्या टाळल्या. लहान वण घेऊन मोठा वण चुकवणे, हा व्यवहार वाईट म्हणता येणार नाही.

शोध चालू असता आरशात सौ.चा हात दिसला. उजव्या मनगटाच्या वर तळहाताएवढा एक चकचकीत, किंचित ओढलेला डाग. शिलाँगला १९७९ साली नवा संसार, नवी जागा आणि जुना रॉकेलचा स्टोव्ह. त्या दिवशी आम्ही दौऱ्यावर होतो. परतलो तेव्हा हाताला पट्टी होती आणि, “अहो, काही नाही, थोडे भाजले,” एवढाच खुलासा झाला होता. तो हात आम्ही तेहेतीस वर्षे पाहत आलो होतो, पण पाहिला असा त्या संध्याकाळीच. बदल्यांच्या या धंद्यात सेवापुस्तक फक्त आमचे ठेवले गेले. त्यांच्या हाताची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही.

मग मनात प्रश्न आला, तो लहान मुलाचा असावा तसा. त्वचा तर सारखी नवी होत असते. अंगावरची वरची साल महिना-दीड महिन्यात झडून खालून नवी येते. या हिशेबाने १९६१ सालानंतर आम्ही कितीतरी वेळा कात टाकली असेल. मग ती भुवईवरची रेघ का जात नाही? निवृत्त माणसाजवळ प्रश्न थोडे आणि वेळ फार. शरीरविज्ञानाची पुस्तके वाचण्याचा आम्हांला त्या वर्षी नादच लागला.

त्वचेला दोन मुख्य थर असतात. वरचा तो बाह्यत्वचेचा. तो पातळ असून, नित्य झडणारा आणि नित्य नवा होणारा आहे. जखम एवढ्या थरापुरतीच असेल तर मागे काहीच उरत नाही. लहानपणचे शेकडो ओरखडे असेच नाहीसे झाले. त्याखाली जाड अंतस्त्वचा असते. केसांची मुळे, घामाच्या ग्रंथी, रक्तवाहिन्या साऱ्या तेथेच, आणि या सर्वांना धरून ठेवणारे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू. निरोगी त्वचेत हे तंतू सर्व दिशांनी एकमेकांत गुंफलेले असतात. बुरुडाने विणलेल्या टोपलीसारखे. म्हणून त्वचा कुठल्याही बाजूने ओढली तरी ताणते आणि पुन्हा जागेवर येते. जखम या थरापर्यंत खोल गेली, की वण ठरलेला.

जखम झाल्याबरोबर देह जे करतो ते आगीच्या वर्दीवर धावून येणाऱ्या बंबासारखे असते. प्रथम रक्तातील बिंबिका तुटल्या जागी चिकटतात आणि फायब्रिनच्या धाग्यांचे जाळे होऊन रक्त गोठते. काही तासांत पांढऱ्या पेशींची फौज जंतू आणि मेलेली पेशीमाती साफ करू लागते. जखमेभोवतीची लाली, सूज आणि ठणका ही या झाडलोटीची लक्षणे. मग तंतुजनक पेशी येतात. नव्या रक्तवाहिन्या फुटतात, तांबूस मांसांकुर वर येतात आणि त्या पेशी भराभर कोलॅजनचे धागे सोडू लागतात. त्यांतल्या काही तर स्नायूंप्रमाणे आकुंचन पावून जखमेच्या दोन्ही कडा एकमेकींकडे ओढतात. १९७१ साली जूलिओ गाब्बियानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे हे वेगळेपण ओळखले. वरून बाह्यत्वचा सरकत येते आणि खपलीखाली जखम झाकली जाते.

आपल्याला वाटते, काम संपले. परंतु आत ते वर्षभर, कधी त्याहून अधिक चालू असते. घाईने टाकलेले कच्चे धागे काढून त्यांच्या जागी पक्के धागे घातले जातात. जास्तीच्या रक्तवाहिन्या मिटतात आणि लाल वण हळूहळू फिका पडतो. तीन आठवड्यांनी त्या जागेला मूळ त्वचेच्या साधारण एक-पंचमांश बळ आलेले असते. पुढे ते वाढत वाढत जाते. परंतु फार तर शंभरांतील ऐंशीपर्यंत. उरलेले वीस पुन्हा कधीच येत नाही. याचे कारण विणीत आहे. वणातले धागे टोपलीसारखे गुंफलेले नसतात. ते ताणाच्या दिशेने एकाशेजारी एक, समांतर रचलेले असतात. आणि केसांची मुळे व घामाच्या ग्रंथी त्या जागी पुन्हा उगवत नाहीत. भुवईच्या केसांतून आमची रेघ कोरडी राहिली ती यामुळे. वरचा थर कितीही वेळा बदलला तरी खालचा विणकर पूर्वीच्याच वेड्या विणीवर वीण घालीत असतो.

देह इतके ओबडधोबड काम का करतो? त्याला चांगले काम येत नाही असे मुळीच नव्हे. मातेच्या उदरात, साधारण सहाव्या महिन्याच्या आधी, गर्भाच्या त्वचेला झालेली जखम वण न ठेवता भरून येते. तोंडाच्या आतली जखम मोठेपणीही जवळजवळ निशाणी न ठेवता बुजते. जीभ चावल्याचे वण आपल्यापैकी कितीजण दाखवू शकतील? आफ्रिकेत काटेरी केसांची एक उंदराची जात आहे. तिची कातडी शत्रूच्या तोंडात फाटून राहते आणि मग केसांसकट पूर्ववत उगवते, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे जुनी वीण पुन्हा विणण्याची कला सृष्टीजवळ आहे. पण ती वेळखाऊ. रानात हिंडणाऱ्या आपल्या पूर्वजाला उघडी जखम घेऊन महिनोन्महिने बसणे परवडणारे नव्हते; रक्त वाहून किंवा जंतू शिरून तो केव्हाच मेला असता. सौंदर्य नंतर पाहू, प्रथम भगदाड बुजवा, हा देहाचा हुकूम. पूर आलेल्या रात्री बांध फुटला तर कोणता अभियंता घडीव दगडाची वाट पाहतो?

या कथेतील एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. वण किती मोठा होणार हे पुष्कळसे ताणावर अवलंबून असते. त्वचेत स्वभावतःच ताणाच्या दिशा असतात. व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कार्ल लांगर यांनी १८६१ मध्ये त्यांचे नकाशे प्रसिद्ध केले. त्या दिशेला धरून दिलेला छेद बारीक रेघ ठेवतो. आडवा गेलेला छेद रुंदावतो. अलीकडे २०२१ मध्ये स्टॅनफर्ड येथील संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. तंतुजनक पेशींना ताणाची जाणीव करून देणारा आतला संदेश औषधाने अडवला, तेव्हा जखम वणाशिवाय भरली आणि तेथे केसही उगवले. माणसासाठी ही विद्या अजून सिद्ध व्हायची आहे. परंतु ओढाताण थांबली तर जखम निराळी भरते, हे समजायला आम्हांला उंदरांपर्यंत जावे लागले, याची थोडी लाज वाटली.

आपल्याकडे या विषयाचा विचार फार जुना आहे. सुश्रुताने व्रणाच्या साठ उपचारांची गणना केली आहे. त्यांत नुसती जखम भरण्याचे उपाय नाहीत. भरल्यानंतर त्या जागेचा रंग पूर्ववत करण्याचे आणि तेथे केस उगवण्याचेही उपाय आहेत. आणि व्रण या शब्दाची त्याने दिलेली उपपत्ती तर विचार करायला लावणारी आहे: भरून आल्यावरही ज्याची खूण देह असेतोवर नाहीशी होत नाही, म्हणून तो व्रण. संस्कृतात व्रण म्हणजे मुख्यतः जखमच. मराठीने त्यातला रकार झिजवला, तेव्हा जखमही गेली आणि उरला तो वण, म्हणजे नुसती निशाणी. शब्दालाही खपली धरते ती अशी!

मराठी माणसाच्या वणाची एक गोष्ट तर जगाच्या वैद्यकात गाजली आहे. १७९२ च्या लढाईत इंग्रजांच्या फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराने पुण्याजवळ, विटा भाजणाऱ्या जातीच्या एका कारागिराने, त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगेझिन’मध्ये १७९४ साली ही हकिकत चित्रासह छापून आली आणि ती वाचून पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्याने इंग्लंडात तशीच शस्त्रक्रिया केली. त्या छापील चित्रात कावसजीचे नाक सुरेख दिसते. परंतु कपाळावर वण आहे. कुठली तरी जागा स्वतःवर वण घेते तेव्हा दुसऱ्या जागेची उणीव भरून निघते. त्या कारागिराचे नाव त्या वृत्तान्तात नाही.

आता आमच्या भुवईकडे वळतो. तिला टाळण्याकरिताच आम्ही एवढा वेळ पुणे आणि लंडन हिंडून आलो, हे चतुर वाचकांनी ओळखलेच असेल.

१९६१ च्या मे महिन्यात आम्ही नऊ वर्षांचे होतो आणि दादा तेरा वर्षांचा. कृष्णेच्या घाटामागच्या मोकळ्या जागेत विटीदांडू चालला होता. दादाने विटी टोलावली आणि ती आमच्या डाव्या भुवईवर बसली. डोळा थोडक्यात वाचला. आईने मूठभर हळद भरली, अण्णांनी उचलून दवाखान्यात नेले, तीन टाके पडले. घरी आलो तेव्हा आठवडाभर आमचे राज्य होते. शिरा, गोष्टी आणि शेजाऱ्यांची विचारपूस. दादा कोपऱ्यात गप्प बसून असे. त्याला अण्णांनी मारले, एवढे कानावर आले होते.

पुढे आम्ही शिकलो आणि बाहेर पडलो. दादा वाईतच राहिला. शेती, घर आणि आई-अण्णा त्याच्याकडे. बाहेर नोकरी करणाऱ्या मुलाचे कर्तव्य आम्ही चोख बजावले, म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनिऑर्डर पाठवली आणि दोन वर्षांतून एकदा रजा-प्रवासाची सवलत घेऊन दर्शन दिले. ही पत्रिका वाचणाऱ्या पुष्कळांना हा हिशेब परिचयाचा असेल. अण्णा १९९० साली दीर्घ आजाराने गेले. आजारपणात झालेले कर्ज फेडण्यासाठी दादाने परसातली जागा विकायचे ठरवले आणि आमची संमती मागितली. त्याच्या चार ओळींच्या पत्राला आम्ही तीन पानी उत्तर धाडले. त्यात मुद्द्यांना क्रमांक होते आणि खर्चाचा तपशील मागवला होता. दौऱ्यावरच्या कोणा दुय्यम कर्मचाऱ्याला लिहावे तसे ते पत्र होते.

१९९१ मध्ये वाटणीसाठी समोरासमोर बसलो. शब्दाने शब्द वाढला. दादा म्हणाला, “अरे, तू तिकडे होतास. इथलं तुला काय ठाऊक?” त्यावर आम्ही भुवईवर बोट ठेवून म्हणालो, “लहानपणापासून तुझ्याकडून माझ्या वाट्याला हेच आलं.” ओसरीवर एकदम शांतता झाली. दादाने आमच्याकडे एकवार पाहिले, कागद पुढे ओढला आणि न वाचता सही केली. त्यानंतर एकवीस वर्षे आमच्यात लग्नमुंजींच्या पत्रिकांखेरीज पत्र नव्हते.

२०१२ च्या त्या वाचनात एका रात्री समुद्रप्रवासाची एक जुनी हकिकत समोर आली. इंग्रज दर्यावर्दी अॅन्सन १७४० साली जगप्रदक्षिणेस निघाला. वाटेत खलाशांना स्कर्व्ही झाला. त्या वृत्तान्तात एका खलाशाविषयी लिहिले आहे की, १६९० मधील बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा पन्नास वर्षांपूर्वी भरून आल्या होत्या, त्या आजारात पुन्हा उघडल्या. जणू कधी भरल्याच नव्हत्या. त्या काळी हे गूढ होते. आता त्याचा उलगडा झाला आहे. वण ही एकदा घालून विसरून जावी अशी ठिगळाची शिवण नव्हे. त्यातले कोलॅजन सारखे झिजत असते आणि सारखे नवे विणले जात असते. त्या विणकामाला आवळ्यात, पेरूत, लिंबात असते ते क जीवनसत्त्व लागते. महिनोन्महिने ते मिळाले नाही, की झीज चालू राहते, वीण थांबते, आणि अर्ध्या शतकाची जखम उघडी पडते.

आम्ही पुस्तक मिटून ठेवले. भरलेली जखमही रोज भरावी लागते, एवढा त्याचा अर्थ. आमच्या बाजूने एकवीस वर्षे एक दिवसही तिकडे काही पोचवले नव्हते. सौ.ना म्हणालो, “वाईला जाऊ या.” त्या म्हणाल्या, “केव्हाची वाट पाहतेय मी.”

२०१३ च्या जानेवारीत आम्ही गेलो. वहिनींनी दारात पाणी दिले आणि जणू गेल्या दिवाळीत येऊन गेलो असावे अशा सुरात म्हणाल्या, “भावजी, वाळलात हो.” दादा थकला होता. प्रवासभर जुळवून ठेवलेली क्षमेची वाक्ये आम्हांला एकही आठवेना. जेवणे झाली. दादा हात धुवायला मोरीवर गेला, त्याने उजव्या हाताची बाही वर सारली, आणि कोपराच्या खाली आम्हांला एक वण दिसला. दोनेक इंच लांब, रुंद, पांढरट. टाके न घालता भरलेल्या जखमेचा असतो तसा. एव्हाना आम्ही या विषयात थोडे तरबेज झालो होतो.

“दादा, हे कधी लागलं तुला?”

“हे? त्याच दिवशी की. तू दवाखान्यात होतास. अण्णा परत आले नि छडी घेऊन धावले. मी हात वर केला तो दाराच्या कोयंड्यावर आपटला.”

“टाके नाही घातले?”

दादा हसला. “त्या दिवशी घरात टाके घालायला एकच पोरगा होता. मी आपली डब्यातली हळद भरली, वर चिंधी बांधली. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

“आणि अण्णांना?”

तो हात पुसत थोडा वेळ थांबला. “शेवटच्या दुखण्यात एकदा हा हात धरून बराच वेळ बघत होते. बोलले नाहीत काही.”

बावन्न वर्षे तो वण तेथे होता. १९९१ साली त्या ओसरीवर आम्ही आमची भुवई दाखवली तेव्हाही तो बाहीखाली होता, आणि त्याच हाताने त्याने सही केली होती. ती बाही त्याने त्या वेळी वर सारली असती तर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

क्षमा मागायचे शब्द मग सापडले; ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. दादा एवढेच म्हणाला, “अरे, विटी कुठं जाईल हे का कुणाच्या हातात असतं?” परसातली जागा गेली ती गेलीच, तेथे आता दुसऱ्याचे घर उभे आहे. एकवीस वर्षांत वहिनींच्या हातचे जेवण, दोघा पुतण्यांचे शिक्षण, आईचे शेवटचे दिवस, यांतले जे हुकले ते काही परत यायचे नाही. शंभरांतले वीस गेले. परंतु आता दर हिवाळ्यात आम्ही वाईला जातो, आणि रविवारी सकाळी दादाचा दूरध्वनी येतो. बोलायला विशेष काही नसते. कृष्णेला पाणी किती आहे हे तो सांगतो, आणि जबलपूरला थंडी किती पडली हे आम्ही सांगतो.

निवृत्तिवेतनाच्या कागदावर दुसऱ्या खुणेच्या रकान्यात आम्ही शेवटी विळीची रेघ लिहिली होती आणि सरकारने ती निमूटपणे मान्य केली. वाईहून परतल्यावर वाटले, ती नोंद चुकली. खरे तर तेथे लिहायला हवे होते: उजव्या हातावर, कोपराच्या खाली, दोन इंच लांब, हात मात्र वडील बंधूंचा.